मास्तरांनी चुकवलेला शब्द

विश्वासराव मास्तर निवृत्त झाले आणि दोन महिन्यांतच घरात बसून विटले. बंगळूरच्या चामराजपेटेतल्या एका लहानशा मराठी शाळेत त्यांनी तेहतीस वर्षं काढली होती. सकाळी दहा वाजले की हात आपोआप खुंटीवरच्या कोटाकडे जाई. एके दिवशी त्यांच्या पत्नी वसुमतीबाई म्हणाल्या, "कोट घालून पडवीत बसायचंच असेल, तर समोर चार माणसं तरी बसवा." त्यातून गल्लीतल्या देवळाच्या ओट्यावर रविवार सकाळचा इंग्रजीचा वर्ग सुरू झाला. साल एकोणीसशे छप्पन.

वर्गाला येणारे आठ-नऊ जण, सगळे संसारी पुरुष. शहराच्या पूर्वेला यंत्रं बनवणारा नवा कारखाना निघाला होता, तिथं ते कामाला होते. पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात मुरलेली ही माणसं घरात मराठी, बाजारात कन्नड आणि शेजाऱ्यांशी तमिळ बिनघोर बोलत. इंग्रजी आलं की मात्र जीभ टाळ्याला चिकटे, आणि वरची जागा हवी तर परीक्षा इंग्रजीत. मास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "पुस्तक नंतर उघडू. कारखान्यात दिवसभर जे शब्द कानावर पडतात ते वहीत लिहून आणा. आपल्या अक्षरात लिहा, चालेल."

पुढच्या रविवारी वह्या आल्या आणि बघतात तर निम्म्या शिव्याच.

मास्तर मनापासून हसले. शिव्यांचा त्यांना विटाळ नव्हता. "शिवी कळली नाही की माणूस तिला मान डोलावतो, आणि ते शिवी खाण्यापेक्षा वाईट," असं म्हणून त्यांनी फळ्यावर एकेक शब्द लिहिला आणि अर्थ सांगितला. फूल म्हणजे मूर्ख. इडियट म्हणजे जन्माचा मूर्ख. रास्कल म्हणजे लबाड. स्वाइन म्हणजे डुक्कर. ब्लडी म्हणजे तसं काहीच नाही, नुसतं तिखटमीठ. मंडळी खिदळत उतरवून घेत होती.

शेवटी ज्योतिबानं हात वर केला. एकोणचाळीस वर्षांचा माणूस, दोन मुलींचा बाप, पण मास्तरांपुढं अजून शाळेतल्यासारखा हात वर करायचा. तो फिटर होता. लोखंडाचा तुकडा कानशीनं घासून केसाइतक्या मापात आणण्यात त्याचा हात धरणारा कारखान्यात दुसरा नव्हता.

"मास्तर, एक राहिला. बास्टर्ड म्हणजे काय?"

मास्तरांच्या हातातला खडू थांबला.

"आमचे प्रिचर्ड साहेब दिवसातून पन्नास वेळा म्हणतात," ज्योतिबा उत्साहानं सांगू लागला. "कोणी उशिरा आला की लेझी बास्टर्ड. परवा मी एक काम बरोबर मापात बसवलं, तर खांद्यावर थाप मारून म्हणाले, क्लेव्हर बास्टर्ड. शिवाप्पाचं बोट चिरडलं, त्याला बघायला इस्पितळात गेले आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, पुअर बास्टर्ड. यंत्र अडलं की यंत्राला म्हणतात. आणि कहर म्हणजे आमच्याकडं एक कानस आहे, तिचं नावच बास्टर्ड! एकच शब्द शिवीला, शाबासकीला, कीव करायला आणि वर हत्यारालाही. असं कसं, मास्तर?"

सगळे पुढं सरकून बसले. मास्तरांना मात्र ओटा दिसेना, फळा दिसेना. त्यांना बत्तीस वर्षांपूर्वीची शाळेची ओसरी दिसली.

त्या दिवशी तानूबाई नावाची बाई सात वर्षांच्या मुलाचं बोट धरून नाव घालायला आली होती. दोनेक वर्षांपूर्वी ती एकटीच मूल घेऊन गल्लीत राहायला आली होती आणि एका शिंप्याकडे काज-बटणं करून पोट भरत होती. गळ्यात मंगळसूत्र नाही आणि कपाळावर कुंकू मात्र आहे, ह्या दोन गोष्टींचा मेळ गल्लीनं आपल्या परीनं केव्हाच घातला होता. मास्तर तेव्हा तेवीस वर्षांचे होते. त्यांनी टाक शाईत बुडवून विचारलं, "बापाचं नाव?" बाईनं मान खाली घातली. मागं आणखी दोन बाया आपापली मुलं घेऊन उभ्या होत्या, आणि त्यांचे कान इकडंच लागले होते. इकडच्या मुलखात बापाच्या नावाचं पहिलं अक्षर आपल्या नावाआधी लागतं. ती जागा मोकळी सोडता येत नाही. तानूबाई हळूच म्हणाली, "काहीतरी लिहा, मास्तर." मास्तरांनी मनात आलं ते पहिलं नाव लिहिलं, मालोजी. ते त्यांच्या वारलेल्या चुलत्याचं नाव होतं. मुलगा एम. ज्योतिबा झाला.

नाव कागदावर आलं की माणूस उभा राहायला वेळ लागत नाही. दोन वर्षांत गल्लीतल्याच कोणीतरी ह्या मालोजीला फौजेत घातलं, मागच्या महायुद्धातल्या बसऱ्याच्या लढाईला धाडलं आणि तिकडेच मारून टाकलं. तानूबाईनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. पोरगा बापाचा अभिमान बाळगत मोठा झाला.

तोच आता समोर बसून अर्थ विचारत होता, आणि भोवती बसलेल्यांतले तिघे-चौघे ह्याच गल्लीत वाढलेले.

मास्तरांनी खडू खाली ठेवला. "ती कानस कशी असते रे?"

"खरबरीत. अगदी जाड नाही, अगदी बारीक नाही. पण माल झपाट्यानं काढते."

"झालं तर. तोच अर्थ. वरून खरबरीत, पण कामाचा. राकट माणूस समज. म्हणणाऱ्याचा सूर बदलला की कधी शिवी, कधी कौतुक."

ज्योतिबाचा चेहरा उजळला. त्यानं वहीत सावकाश लिहिलं, 'खरबरीत पण कामाचा'. त्याच्या शेजारी हजेरी घेणाऱ्या टाइम ऑफिसातला कारकून हणमंतराव बसला होता. त्याला इंग्रजी थोडं जास्त येई. त्यानं एकदा मास्तरांकडं पाहिलं आणि नजर आपल्या वहीत घातली. मास्तरांनी फळा पुसला.

घरी आल्यावर त्यांना फार काही चुकल्यासारखं वाटलं नाही. उलट एक नाजूक प्रसंग निभावला असंच वाटलं.

पुढच्या वर्षी प्रिचर्ड साहेब मायदेशी परत जायला निघाले. कारखान्यात दसऱ्याच्या आदल्या दिवशी यंत्रांची आयुधपूजा दरसाल थाटानं व्हायची, त्याच दिवशी निरोपाचा समारंभ ठरला. कामगारांच्या वतीनं चार शब्द कोण बोलणार, तर साहेबांनी ज्याला हाताशी धरून शिकवलं तो ज्योतिबा. तो मास्तरांकडं आमंत्रण घेऊन आला. "भाषण इंग्रजीत करतोय. पण तुम्हाला आधी दाखवणार नाही हं. तिथंच ऐका."

मास्तर गेले. यंत्रांना केळीचे खांब बांधले होते, हळदकुंकू लावलं होतं, फोडलेल्या कोहळ्याच्या फाका दारात पडल्या होत्या. बायकामुलं नवे कपडे घालून, हातात चुरमुऱ्यांच्या पुड्या घेऊन, आपला माणूस कुठल्या यंत्रावर काम करतो ते बघत फिरत होती. मांडवात पहिल्या रांगेत साहेबलोक आणि त्यांच्या मडमा. ज्योतिबानं धडपड करून आईला दुसऱ्या रांगेत बसवलं होतं. तानूबाई आता साठीला आली होती. हिरवं इरकल नेसून, पदर दोन्ही खांद्यांवर घेऊन ती ताठ बसली होती.

ज्योतिबा उभा राहिला. कागद हातात होता, पण त्यानं तो उघडला नाही. सगळं पाठ होतं.

"माय गुरू, प्रिचर्ड साहेब," तो खणखणीत आवाजात म्हणाला, "इज अ गुड बास्टर्ड."

मांडवात कुठंतरी खुर्ची करकरली.

"ही मेड मी आल्सो बास्टर्ड. माय मदर इज सिटिंग हिअर. शी इज मदर ऑफ बास्टर्ड. शी इज व्हेरी प्राउड."

मागच्या बाजूला बसलेले तरुण इंजिनियर आधी फिसकन आणि मग मोकळेपणी हसले. एका मडमेनं तोंडावर रुमाल धरला. ज्योतिबाला वाटलं, लोक खुश झाले. तोही हसला आणि आईकडं हात करून उभा राहिला. लोक आपल्याकडं बघताहेत असं पाहून तानूबाई उठली आणि तिनं सगळ्या मांडवाला हात जोडले.

प्रिचर्ड साहेबांचा चेहरा लालबुंद झाला होता. पण ते दिलदार माणूस. व्यासपीठावरून खाली उतरले, तानूबाईपुढं वाकले, मग ज्योतिबाचा हात दोन्ही हातांत धरून नुसते "थँक यू, थँक यू" म्हणत राहिले.

मास्तर तिसऱ्या रांगेत होते. उठून काही बोलावं असं त्यांच्या मनात आलं. ते बसून राहिले.

दसरा झाला. कारखाना उघडला त्या दिवशी सगळीकडं तेच भाषण लोकांच्या तोंडी होतं. कोणी नुसतं हसत होतं, कोणी ज्योतिबाला बघून 'मदर ऑफ' म्हणत होतं. दुपारी हणमंतरावानं त्याला टाइम ऑफिसात नेलं, कपाटातला जाड शब्दकोश काढला आणि बोट ठेवून वाचून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्योतिबा कारखान्याच्या कपड्यांत मास्तरांच्या दारात उभा राहिला. कामावर नेणारी बस केव्हाच निघून गेली होती. वसुमतीबाईंनी कॉफी आणली, ती त्यानं खाली ठेवली.

"मास्तर, फूलचा अर्थ तुम्ही सांगितलात. डुकराचा सांगितलात. हाच तेवढा चुकवलात."

"चारचौघांत कसं सांगणार, ज्योतिबा? वाईट शब्द आहे."

"डुक्कर चांगला आहे?" तो शांतपणे म्हणाला. "मी रात्रभर विचार केला. तुम्ही खरा अर्थ सांगितला असतात, तर मी हसून वहीत लिहिला असता. साहेब यंत्राला म्हणतात, कानशीला म्हणतात, मलाही म्हणतात. त्यात मला काय लागणार होतं? लहानपणी भांडणात पोरं असलं काहीबाही बोलायची. शिवी ती शिवी, मी कधी मनावर घेतली नाही. पण तुम्ही खोटं बोललात. तुम्ही जन्मात खोटं बोलला नाही, ते माझ्याशीच का बोललात? तिथंच मला कळलं."

मास्तर पडवीतल्या कुंड्यांकडं बघत राहिले.

"मालोजी कोण?" ज्योतिबानं विचारलं.

"माझे चुलते."

"म्हणजे..."

"तसं नाही, तसं नाही," मास्तर घाईनं म्हणाले. "ते बिचारे कधी बंगळुरातच नव्हते. तुझं नाव घालताना मला दुसरं नाव आठवलं नाही, एवढंच. बसऱ्याचं मी सांगितलेलं नाही. ते लोकांनी जोडलं."

"मग खरं नाव?"

"मला माहीत नाही."

"आई सांगत नव्हती?"

मास्तरांना वाटलं, इथं हो म्हणावं. पण आता आणखी एक खोटं त्यांच्यानं बोलवेना. "मी विचारलंच नाही."

ज्योतिबा गुडघ्यांवर हात ठेवून बसला. त्याचे हात फार सुंदर होते, लांब बोटांचे, नखांत काळी रेघ असलेले. मग तो उठला. कॉफी तशीच राहिली.

आईला त्यानं काही विचारलं नाही. भांडला नाही, ओरडला नाही. फक्त बोलणं कमी झालं. कामावरून आला की हातपाय धुवायचा, जेवायचा आणि मुलींना घेऊन बाहेर जायचा. पुढच्या संक्रांतीच्या आत त्यानं भद्रावतीच्या लोखंडाच्या कारखान्यात जागा मिळवली. बायको राजलक्ष्मी आणि मुलींना घेऊन गेला. आईला म्हणाला, "क्वार्टर लहान आहे. मोठं मिळालं की नेतो."

सहा महिन्यांनी, जूनमध्ये, तानूबाई मास्तरांकडं आली. खुर्ची दिली तरी पडवीच्या पायरीवरच बसली.

"मास्तर, एक विचारू? तुम्हाला इंग्रजी येतं. त्या आयुधपूजेला माझ्या लेकानं काय म्हटलं होतं? मदर म्हणजे आई, तेवढं मला समजलं. पुढचा शब्द काय होता? त्या दिवसापासून तो माझ्या डोळ्याला डोळा भिडवत नाही."

ह्या वेळी मास्तरांनी शब्द चुकवला नाही. पण सरळ तिच्याकडं बघणं त्यांना जमलं नाही. जमिनीकडं बघत ते म्हणाले, "लग्नावाचून झालेल्या मुलाला इंग्रजीत तसं म्हणतात, तानूअक्का. त्याला अर्थ ठाऊक नव्हता. मीच त्याला भलता अर्थ सांगितला होता."

तानूबाईनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "असं होय. कन्नडात ऐकला होता, तमिळात ऐकला होता. मराठीत तर ह्याच गल्लीत ऐकला. इंग्रजी तेवढं राहिलं होतं." आणि जरा थांबून, "तुम्ही भलता अर्थ का सांगितलात?"

"तुमची अब्रू जाईल, म्हणून..."

"माझी अब्रू चाळीस वर्षं मीच सांभाळली, मास्तर. तुम्ही स्वल्प तरी मला विचारायचं होतंत. तुम्ही विचारलं नाही, त्यानं विचारलं नाही. दोघं शहाणी माणसं. मी काय मुकी होते?"

मास्तर उठले आणि तिच्यासाठी पाणी घेऊन आले.

"त्या माणसाला नाव आहे," ती म्हणाली. "काही वाईट नव्हता तो. गाव, घर, सगळं आहे. त्यानं मला फसवलं नाही. काय झालं ते सांगण्यासारखं आहे. लेक मोठा झाला की सांगीन म्हणत होते, तेवढ्यात तो बसऱ्याचा बाप उराशी धरून बसला. तोडवेना मला." तिनं मान वर केली. "तुम्हाला सांगू? लिहून ठेवा. माझं आता काय खरं आहे?"

मास्तरांनी घाईघाईनं हात वर केला. "मला नको, अक्का. मी परका माणूस. ज्योतिबालाच सांगा, तो त्याचा हक्क."

तानूबाईनं त्यांच्याकडं जरा निरखून पाहिलं. "सरी, बरं," ती म्हणाली. "मग त्याला पत्र घाला. म्हणावं, आई बोलावते."

मास्तरांनी त्याच दिवशी पत्र लिहिलं. चार वेळा फाडलं, पाचव्यांदा टाकलं. आईला तुला तुझ्या वडिलांविषयी सांगायचं आहे, एकदा येऊन जा, असं स्पष्ट लिहिलं. तीन आठवड्यांनी ज्योतिबाचं कार्ड आलं. नवी नोकरी आहे, रजा मिळत नाही, दिवाळीला येतो. मास्तरांनी ते तानूबाईला वाचून दाखवलं. तिनं दिवस मोजले नाहीत, की तक्रार केली नाही. नुसतं, "येऊ दे की," म्हणाली.

भाद्रपदात तिला ताप भरला. डॉक्टर झाले, औषध झालं. वसुमतीबाई दोन्ही वेळा पेज घेऊन जात. मास्तरांनी तार केली. पाचव्या दिवशी दुपारी ती गेली. ज्योतिबा त्या दिवशी संध्याकाळी पोचला.

देह अंगणात ठेवला होता. ज्योतिबानं चपला काढल्या, जवळ जाऊन बसला आणि आईच्या पायांवर डोकं ठेवलं. बराच वेळ त्यानं ते उचललं नाही. गल्लीतल्या माणसांनी धरून उठवलं तेव्हा त्याचा चेहरा कोरडा होता.

दहाव्या दिवशी घाटावर पिंडाची तयारी झाली. गुरुजींनी हातात दर्भ दिला आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, "मातेचं नाव?"

"तानूबाई."

"तिच्या पतीचं?"

गल्लीतली चार-पाच माणसं आली होती, ती आपापसात बोलायची थांबली. ज्योतिबानं मास्तरांकडं पाहिलं. मास्तरांना आधी कळेना, तो का बघतोय. मग कळलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

ज्योतिबा उठून जवळ आला. हलक्या आवाजात म्हणाला, "तुम्हाला तरी सांगून गेली असेल."

"सांगत होती," मास्तर म्हणाले. "जूनमध्ये. पडवीत बसून. नाव सांगते, लिहून ठेवा, म्हणाली. मी नको म्हटलं."

"का, मास्तर?"

"मला ते ऐकायचं नव्हतं बहुतेक. मी म्हटलं, तुझा हक्क आहे, तुलाच सांगू दे. पण ते नुसतं म्हणायला. मला भीती वाटली, ज्योतिबा."

ज्योतिबानं त्यांचा हात धरला नाही, झिडकारलाही नाही. तो परत जाऊन पाटावर बसला आणि गुरुजींना म्हणाला, "तानूबाई. पुढं काही नाही. तेवढ्यावर करा." गुरुजी वयस्कर होते. त्यांनी एकदा सगळ्यांकडं पाहिलं आणि आणखी काही न विचारता मंत्र म्हणायला सुरुवात केली.

तेरावा झाला. ज्योतिबानं खोली रिकामी केली. आईची काज करायची सुई, कात्री आणि दोन लुगडी एवढंच त्यानं बरोबर घेतलं. स्टेशनवर मास्तर पोचवायला गेले. गाडीला वेळ होता. दोघं बाकावर बसले.

"तुमच्यावर राग नाही माझा," ज्योतिबा म्हणाला. "आईवर पण मी रागावलो नव्हतो. मला तिच्यापुढं लाज वाटत होती. सगळ्यांदेखत तिला असं म्हटलं, ती हात जोडून उभी राहिली, आणि मी हसत होतो. ते तिला कसं सांगावं, कळत नव्हतं. म्हणून आलो नाही. दिवाळीपर्यंत धीर गोळा करीन म्हटलं."

मास्तरांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. ते म्हणाले, "तिला कळलं होतं रे. मी सांगितलं तिला. तिनं ते लावून घेतलं नव्हतं."

"कळलं होतं?" ज्योतिबा त्यांच्याकडं वळला. "मग हे तुम्ही पत्रात का लिहिलं नाहीत?"

गाडी फलाटावर येत होती. हमाल धावत होते. ज्योतिबानं ट्रंक उचलली, वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि डब्यात चढला.

पुढच्या सात वर्षांत तो चारदा बंगळूरला आला. दर वेळी मास्तरांना भेटून गेला. थोरली मुलगी शिक्षिका झाली, धाकटीचं ठरत आलंय, भद्रावतीत पाऊस फार, असं सगळं सांगे. कॉफी पिई, वसुमतीबाईंच्या हातचा उपमा खाई, त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करी. मास्तरांना मात्र त्यानं पुन्हा कधी काही विचारलं नाही.